‘पिंच हिटर’ फटकेबाज नव्हे, बदली फलंदाज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्रीडा पानावर ‘पिंच हिटर’ हा शब्द आता सर्रास येतो. तळाचा एखादा गोलंदाज तिसऱ्या क्रमांकावर पाठवला की तो ‘पिंच हिटर’. सलामीवीर पहिल्या षटकापासून हाणामारी करू लागला की तोही ‘पिंच हिटर’. निवडणुका लागल्या की हाच शब्द राजकारणाच्या पानावर जातो आणि सभा गाजवणाऱ्या, प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडणाऱ्या नेत्याला चिकटतो. तिकडे ऐरोली-महाप्याच्या आयटी पार्कांत अमेरिकी ग्राहकांशी रोज बोलणाऱ्यांच्या तोंडी त्याचा तिसराच अर्थ असतो: ‘उद्याच्या कॉलला मी नाही, तू पिंच हिट कर.’ या साऱ्यांत मूळ अर्थाला धरून आहे तो हा कॉलवाला. बाकीच्यांनी शब्द घेतला, पण त्याचा अर्धाच भाग घेतला. आम्ही ठाणे-नवी मुंबईत शाळा-महाविद्यालयांच्या बेसबॉल आणि सॉफ्टबॉल सामन्यांत पंच व गुणलेखक म्हणून काम करतो. या अर्ध्या शब्दाचा घोळ मैदानावर कसा निस्तरावा लागतो ते आम्हाला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

शब्द बेसबॉलचा आहे. त्यातल्या ‘पिंच’चा चिमट्याशी संबंध लावला तर काहीच हाती लागत नाही. इंग्रजीत ‘पिंच’चा एक जुना अर्थ अडचण, निकड असा आहे; ‘इन अ पिंच’ म्हणजे अडीनडीला. मराठीत त्याला नेमका शब्द ‘पेच’. आणि ‘हिटर’ म्हणजे बेसबॉलच्या भाषेत निव्वळ फलंदाज. बॅट हातात घेऊन प्लेटपाशी, म्हणजे फलंदाजाच्या जागेवरच्या पाटीपाशी, उभा राहील तो हिटर, मग तो चेंडू मैदानाबाहेर धाडो की नुसता ठेवून पळो. तेव्हा पिंच हिटर म्हणजे पेचाच्या वेळी दुसऱ्याच्या जागी आलेला फलंदाज. क्रिकेटच्या कानाला मात्र ‘हिटर’ म्हणजे फटकेबाज. एवढ्या एका शब्दामुळे सारा अर्थ घसरला. ‘पिंच’ मागे पडले, ‘हिटर’ पुढे आला.

मूळ अर्थ कळायला बेसबॉलचा एक नियम माहीत असावा लागतो: फलंदाजीचा क्रम सामन्याआधी कागदावर लिहून पंचांकडे द्यायचा आणि तो शेवटपर्यंत पाळायचा. नऊ नावे, नऊ जागा. नववा झाला की पुन्हा पहिला. इनिंगमधली संघाची पाळी, म्हणजे तीन बाद होईपर्यंतचा डाव, क्रमाच्या मध्येच संपली, तर पुढच्या इनिंगची सुरुवात जिथे क्रम थांबला त्याच्या पुढच्या नावापासून होते. कर्णधाराला ‘आज तू आधी जा’ म्हणण्याची मुभाच नाही. समजा चौथ्याची पाळी असताना सातवा येऊन उभा राहिला आणि त्याने चेंडू मारून बेस, म्हणजे धावण्याच्या वाटेवरचा टप्पा, गाठला. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने पुढचा चेंडू पडण्याआधी दाद मागितली, तर सातव्याची कमाई रद्द होते आणि बाद होतो तो चौथा, ज्याने बॅट हातातही धरली नव्हती. पुढचा चेंडू पडला की मात्र दाद मागण्याची वेळ गेली. सातव्याची फलंदाजी वैध ठरते आणि त्याच्यामागून आठवा येतो. या सगळ्यात प्लेटमागच्या पंचाने तोंड उघडायचे नसते. गुणलेखकाला कागदावर चूक दिसत असली तरी त्यानेही गप्प बसायचे, असाच नियम आहे. ज्याचे त्याने पाहावे.

आता क्रिकेटमधला ‘पिंच हिटर’ आठवा. त्याच अकरा जणांतला, फक्त खालून उचलून वर आणलेला. बेसबॉलमध्ये हाच प्रयोग केला तर त्याला पिंच हिटिंग म्हणत नाहीत. ते क्रम मोडून केलेले खेळणे होते आणि त्याची शिक्षा वर सांगितली तीच. क्रिकेट खेळून आलेली मुले पहिल्या महिन्यात हमखास हे करतात. संघ अडचणीत आला की दांडगा मुलगा आपणहून बॅट घेऊन निघतो. ‘सर, पिंच हिटर!’

खरा पिंच हिटर येतो तो राखीव बाकावरून. व्यवस्थापक वेळ मागतो, प्लेटमागच्या पंचाला कोण जातो आणि कोण येतो ते सांगतो, पंच ते गुणलेखकाला आणि समोरच्या संघाला कळवतो. नवा खेळाडू जुन्याच्याच क्रमांकावर बसतो. आठव्याच्या जागी आला असेल तर तो आता आठवा. जुना खेळाडू त्या सामन्यातून कायमचा बाहेर. पुढच्या इनिंगला क्षेत्ररक्षणालाही त्याला येता येत नाही. त्याची जागा भरायला एकतर पिंच हिटर स्वतः मैदानात उतरतो किंवा बाकावरून आणखी एक माणूस खर्ची पडतो. घोषणा करायची राहून गेली तरी नवा माणूस प्लेटशेजारच्या चौकटीत उभा राहिला की तो सामन्यात आला असेच धरतात. गुणपत्रिकेवर त्याच क्रमांकाच्या खालच्या ओळीत त्याचे नाव लिहायचे, शेजारी ‘पीएच’, आणि ज्या इनिंगला तो आला त्या चौकोनाच्या कडेला उभी रेघ. ही रेघ विसरली की सामना संपल्यावर हिशोब जुळत नाही.

हिशोबातला एक बारकावा मोठमोठ्यांना चकवतो. पट्ट्याबाहेर पडलेला, फलंदाजाने सोडलेला चेंडू म्हणजे ‘बॉल’; असे चार झाले की फलंदाज चालत पहिल्या बेसवर जातो. पट्ट्यातला किंवा फलंदाजाने हुकवलेला चेंडू म्हणजे ‘स्ट्राइक’; तीन झाले की तो बाद, यालाच स्ट्राइक आउट म्हणतात. समजा आठवी इनिंग आहे, फलंदाजावर एक बॉल आणि दोन स्ट्राइक झाले आहेत आणि त्याचा पाय मुरगळला. बदली फलंदाज आला. त्याला कोरी पाटी मिळत नाही. तो एक बॉल, दोन स्ट्राइकवरूनच सुरुवात करतो. पहिल्याच चेंडूवर त्याने बॅट फिरवली आणि चुकली, तर तो स्ट्राइक आउट मांडायचा पहिल्या फलंदाजाच्या नावावर, जो एव्हाना बाकावर बर्फ लावून बसलेला असतो. नव्याने हिट मारली (फटका मारून बेस गाठला), चार बॉल घेऊन चालत पहिला बेस गाठला किंवा झेल देऊन तो बाद झाला, तर मात्र सगळे नव्याच्या खात्यात. स्ट्राइक आउट जुन्याला जातो तोही जुना दोन स्ट्राइक पत्करून गेला असेल तरच. असा मध्येच बदल बहुधा दुखापतीनेच होतो. 20 सप्टेंबर 1960 रोजी बोस्टनच्या दिग्गज फलंदाज टेड विल्यम्सच्या पायावर त्याचाच फटका आदळला, तेव्हा त्याची राहिलेली पाळी पुरी करायला कॅरोल हार्डी आला. विल्यम्सच्या जागी फलंदाजीला आलेला एकमेव खेळाडू म्हणून हार्डीचे नाव आजही घेतले जाते.

पिंच हिटर दणकट असावा लागतो ही समजूत तर एकाच उदाहरणाने मोडते. 19 ऑगस्ट 1951 रोजी सेंट लुइस ब्राउन्सने डेट्रॉइट टायगर्सविरुद्ध फ्रँक सॉशेच्या जागी एडी गेडेलला पिंच हिटर म्हणून पाठवले. उंची 3 फूट 7 इंच, पाठीवर क्रमांक 1/8. स्ट्राइक द्यायचा तर चेंडू फलंदाजाच्या गुडघा ते छातीच्या पट्ट्यातून जावा लागतो आणि गेडेल ओणवा झाला की तो पट्टा अगदीच अरुंद उरे. बॅट फिरवायची नाही, अशी त्याला ताकीद होती. पिचर (चेंडू फेकणारा) बॉब केनचे चारही चेंडू डोक्यावरून गेले, गेडेल चालत पहिल्या बेसवर पोहोचला आणि तिथे त्याच्या जागी बदली धावपटू आला. संघमालक बिल व्हीक यांचा हा तमाशाच होता, दुसऱ्या दिवशी लीगने गेडेलवर बंदीही घातली. पण गुणपत्रिकेवर तो रीतसर पिंच हिटर आहे. नेहमीच्या सामन्यांतही हलक्या हाताने चेंडू टेकवून, म्हणजे बंट करून, पुढच्या धावपटूला एक बेस सरकवण्यासाठी पिंच हिटर पाठवला जातो. त्याच्याकडून अपेक्षा असते ती त्या घडीला जे एक काम हवे आहे त्याची.

काम कोणते, हे बहुतेक वेळा पिचरच्या हातावर ठरते. उजव्या हाताच्या पिचरचा वळणारा चेंडू उजव्या फलंदाजापासून दूर पळतो आणि डावऱ्याकडे आत येतो. शिवाय पिचरच्या हातातून सुटणारा चेंडू डावऱ्याला लवकर दिसतो. म्हणून उजव्या पिचरपुढे डावरा बदली धाडायचा. समोरचाही कच्चा नसतो. त्याने लगेच डावरा पिचर आणला, तर आपल्याला पुन्हा उजवा बदली आणता येतो, पण पहिल्याचे नाव पुकारून झालेले असल्यामुळे एकही चेंडू न खेळता तो खर्ची पडतो. बाकावर चारच जण असताना हा सौदा महाग असतो. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये 2020 पासून पिचरने किमान तीन फलंदाज खेळवावेत किंवा ती अर्धी इनिंग, म्हणजे समोरच्या संघाची पाळी, संपवावी, असा नियम आला आणि या शह-काटशहाला आळा बसला.

आणि बदली फलंदाज यशस्वी होण्यापेक्षा फसतो जास्त. कारणे साधी आहेत. दोन-अडीच तास बसून अंग थंड पडलेले असते. नियमित फलंदाजाने त्या दिवशी दोन-तीनदा चेंडू पाहिलेला असतो, हा पहिल्यांदाच पाहतो. आणि तो येतो उशिरा, जेव्हा समोर ताज्या दमाचा, सर्वांत वेगवान पिचर उभा असतो. पिचरची जागा प्लेटपासून 60 फूट 6 इंच. ताशी 150 किलोमीटरचा चेंडू सुटल्यापासून साधारण 0.4 सेकंदात पोहोचतो. म्हणून मुलांना आम्ही सांगतो ते एवढेच: आपला नंबर लागू शकतो हे दोन इनिंग आधी ओळखा, आडोशाला जाऊन अंग गरम करा, बॅटवर वजनाची कडी चढवून फिरवा, आणि बाकावरून पिचरचा हात पाहत त्याच्या प्रत्येक चेंडूला मनातल्या मनात बॅट फिरवा. गप्पा मारत बसलेला बदली फलंदाज पहिल्या स्ट्राइकलाच उशिरा फिरवतो, हे डोळे मिटून सांगता येते.

हे सगळे जुळून येते तेव्हा काय होते, ते पाहायचे तर 15 ऑक्टोबर 1988. वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, तिचा पहिला सामना, लॉस एंजेलिस. ओकलंड 4-3 ने पुढे, शेवटची इनिंग, यजमान डॉजर्सचे दोन बाद, एक धावपटू बेसवर. दोन्ही पाय दुखावलेला कर्क गिब्सन लंगडत बदली म्हणून आला. समोर डेनिस एकर्सली. तीन बॉल, दोन स्ट्राइकवर त्याने होम रन मारली, म्हणजे चेंडू मैदानाबाहेर धाडला, धावपटू आणि तो असे दोघेही धाव घेऊन आले आणि डॉजर्स 5-4 ने जिंकले. त्या अख्ख्या सिरीजमध्ये गिब्सन फलंदाजीला आला तो तेवढाच एकदा. इंग्रजीत ‘पिंच’ शब्दात जो पेच आहे तो हा. शेवटची घडी, जाणत्याची उणीव आणि उसना माणूस.

क्रिकेटने हा शब्द घेतला तो अगदी उलट्या टोकाला. 1992 च्या विश्वचषकात पहिल्या 15 षटकांत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक ठेवता येत. न्यूझीलंडने मार्क ग्रेटबॅचला सलामीला पाठवून डोक्यावरून फटके मारायला लावले. 1996 मध्ये श्रीलंकेच्या जयसूर्या-कालुवितरणा जोडीने तीच रीत रूढ केली आणि ‘पिंच हिटर’ समालोचकांच्या तोंडी बसला. इथे पेच नाही, उलट सवलत आहे. डावाच्या सुरुवातीची मोकळी मैदाने लुटायची आणि बाद झाला तरी फारसे न बिघडणारी विकेट वापरायची. जयसूर्या तर पुढे वर्षानुवर्षे सलामीलाच खेळला, तेव्हा त्याला पिंच हिटर म्हणणे क्रिकेटच्या अर्थानेही ओढूनताणूनच. त्या अर्थाला शोभतो तो इरफान पठाण: 25 ऑक्टोबर 2005, नागपूर, श्रीलंकेविरुद्ध तिसऱ्या क्रमांकावर 83 धावा. नाही तर 2017 पासून कोलकात्यासाठी सलामीला येणारा सुनील नारायण. क्रिकेटने शब्दाला नवा अर्थ दिला याबद्दल आमची तक्रार नाही. शब्द प्रवास करतात. तक्रार आहे ती दोन अर्थांची खिचडी करण्याबद्दल.

तीन अर्थ कसे वेगळे पडतात ते नेरुळच्या मैदानावरूनच सांगता येते. 2025 च्या महिला विश्वचषकात डी. वाय. पाटील स्टेडियमवर बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना सलामीवीर प्रतिका रावल जखमी झाली. मूळ संघात नसलेल्या शफाली वर्माला तिच्या जागी बोलावले. 2 नोव्हेंबरला त्याच मैदानावर अंतिम सामन्यात शफालीने 87 धावा केल्या, दोन बळी घेतले, भारत 52 धावांनी जिंकला आणि सामन्याची मानकरी तीच ठरली. ती पिंच हिटर होती का? क्रिकेटच्या अर्थाने नाही, कारण ती मुळातली सलामीवीर, खालून वर आलेली नाही. बेसबॉलच्या काटेकोर अर्थानेही नाही, कारण बदल सामन्याच्या मध्ये नव्हे, संघाच्या यादीत झाला. पण लाक्षणिक अर्थाने तिच्यासारखी पिंच हिटर शोधून सापडायची नाही: ऐनवेळी, दुसऱ्याच्या जागी, अडलेल्या कामाला. इंग्रजी वाचकाला ‘शी पिंच-हिट फॉर प्रतिका’ यात हेच कळेल, तिच्या चौकारांशी त्याचा संबंध नाही.

क्रिकेटच्या आत बेसबॉलचा खरा पिंच हिटर शिरला तो आयपीएलच्या ‘इम्पॅक्ट प्लेअर’च्या रूपाने. बाहेरचा आत येतो, आतला बाहेर जातो आणि परत येत नाही. 31 मार्च 2023 रोजी अहमदाबादला या नियमाने उतरलेला पहिला खेळाडू आपल्या ठाणे जिल्ह्यातला, कल्याणचा तुषार देशपांडे. चेन्नईने फलंदाजी झालेल्या अंबाती रायडूला बसवून त्याला गोलंदाजीला आणले. म्हणजे तो बदली गोलंदाज. त्याच सामन्यात जखमी केन विल्यम्सनच्या जागी गुजरातने आणलेला साई सुदर्शन फलंदाजीला आला, तो मात्र शब्दशः पिंच हिटर. गंमत अशी की त्याला तसे कोणी म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही, कारण तो शब्द आपण आधीच दुसऱ्याला देऊन टाकला होता.

बेसबॉलमध्ये मात्र या कामाला ओहोटी लागली आहे. पिचर फलंदाजीत कच्चे, म्हणून पूर्वी बदली बहुतेक त्यांच्याच पाळीला येत. मेजर लीगच्या दोन शाखांपैकी अमेरिकन लीगने 1973 मध्ये पिचरऐवजी कायम दुसऱ्यानेच फलंदाजी करायची, अशी सोय केली आणि 2022 पासून नॅशनल लीगमध्येही ती कायमची आली. लेनी हॅरिसच्या 212 पिंच हिट्सचा विक्रम आता कोण मोडणार?

लाक्षणिक अर्थासाठी मराठीला उसनवारीची गरज आहे असे आम्हाला वाटत नाही. गिरणगावाने दिलेला ‘बदली’ आहे. कायम कामगार आला नाही की सकाळी गेटवर कार्ड घेऊन उभ्या असलेल्या बदली कामगाराला त्या दिवसाचे साचे मिळत. गडकरी रंगायतन असो की वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह, नटाचा घसा बसला की दुसरा ‘रिप्लेसमेंट’ करतो, हा शब्द नाटकवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातला. दोन्हींत पेच आहे, उसनी जागा आहे आणि काम तात्पुरते आहे. फरक एवढाच की गिरणीतला कायम कामगार दुसऱ्या दिवशी परत येई. बेसबॉलमध्ये सामना संपेस्तोवर परतीची वाट बंद. म्हणून मंत्री परदेशी गेले आणि त्यांच्या जागी राज्यमंत्र्यांनी विधानसभेत उत्तर दिले, तर राज्यमंत्री पिंच हिटर. सभेत गरजणारा नेता, जो स्वतःच्याच जागी उभा राहून बोलतो आहे, तो नव्हे.

मग बातमीत काय लिहावे? खालून वर पाठवलेल्याला ‘बढती दिलेला फलंदाज’ म्हटले की भागते. ‘पिंच हिटर’च लिहायचा असेल तर निदान तो कितव्या क्रमांकावरून कितव्यावर आला ते द्यावे. सुरुवातीपासून हाणणाऱ्या नेहमीच्या सलामीवीराला ‘फटकेबाज सलामीवीर’ म्हणावे. बेसबॉलच्या बातमीत ‘बदली फलंदाज’. तिथे एक अधिकची काळजी घ्यावी लागते: आपल्याकडे शाळांत बेसबॉलबरोबर सॉफ्टबॉलही खेळतात आणि सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीच्या नऊ जणांतल्या खेळाडूला बाहेर गेल्यावर एकदा आपल्या मूळ क्रमांकावर परत येता येते. त्यामुळे सॉफ्टबॉलच्या गुणपत्रिकेत एकच नाव दोनदा दिसले तर ती गुणलेखकाची चूक समजून वार्ताहराने एक नाव खोडू नये. असे खोडून छापलेले धावफलक जुळवताना धावांची बेरीज एक-दोनने कमी येते आणि फोन आम्हाला येतात.

‘पिंच रनर’ अजून आपल्या पानांवर आलेला नाही, पण येईल. त्याची गल्लत क्रिकेटच्या जुन्या ‘रनर’शी करू नये. क्रिकेटमधला रनर जखमी फलंदाजासाठी धावायचा, फलंदाज मात्र खेळतच राहायचा. आयसीसीने 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांतून तो काढून टाकला. बेसबॉलचा बदली धावपटू बेसवरच्या खेळाडूची जागाच घेतो आणि तो खेळाडू घरी. ओकलंडने 1974-75 मध्ये हर्ब वॉशिंग्टन नावाचा धावपटू केवळ याच कामासाठी ठेवला होता: 105 सामने, 31 चोरलेले बेस (फटक्याविना, पिचर चेंडू फेकत असताना धावून गाठलेले) आणि फलंदाजी एकदाही नाही. त्याच्या नावापुढे कोणी ‘फलंदाज’ छापू नये.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील बेसबॉल-सॉफ्टबॉलचे काही पंच आणि गुणलेखक